पाच थांबे, पाच पत्ते: घोड्यावरची पोकर राइड कशी आखायची

ठरलेल्या वाटेवर पाच थांबे, प्रत्येक थांब्यावर एक पत्ता, आणि परत आल्यावर ज्याचा पाच पत्त्यांचा हात (म्हणजे मिळालेल्या पत्त्यांचा संच) पोकर या पत्त्यांच्या खेळाप्रमाणे सगळ्यात भारी तो जिंकला. एवढीच पोकर राइड. लवकर पोचणाऱ्याला इथे काहीच जास्त मिळत नाही, त्यामुळे म्हातारा घोडा आणि नवखा स्वार यांनाही तेवढीच संधी असते. ‘पहिल्या येणाऱ्याला बक्षीस’ असलं काही मध्ये घुसडू नका. लोक लगेच घोडे दामटायला लागतात.

वाट 12 ते 15 किलोमीटरची पुरे. चालीने घोडा तासाला साधारण 6 किलोमीटर कापतो, म्हणजे थांबे धरून तीन तासांच्या आसपास. वाटेत निदान दोन ठिकाणी घोड्यांना पाणी हवं. वाट आधी घोड्यावर बसूनच तपासा. पायी फिरताना स्वाराच्या डोक्याला लागणाऱ्या फांद्या लक्षातच येत नाहीत. खुणेच्या फिती एकाच बाजूला बांधा, वळणाआधी दोन फिती शेजारी-शेजारी. थांबा वळणाआड किंवा अरुंद पुलाशी ठेवू नका, आठदहा घोडे सुटसुटीत उभे राहतील अशी जागा निवडा.

स्वार तीन ते पाचांच्या तुकडीत, दहा-दहा मिनिटांनी सोडा. 40 स्वारांच्या चार-चारच्या दहा तुकड्या केल्या तर शेवटची तुकडी पहिलीच्या दीड तास मागे निघते. थांब्यावरच्या माणसांना हे आधी सांगा, नाहीतर ती सामान आवरून मोकळी होतात. सगळ्यांच्या मागे एक अनुभवी स्वार ठेवा. तो पुढे गेल्याशिवाय थांबा बंद करायचा नाही.

गडबड होते ती थांब्यावर. पत्त्यांचा पंखा पसरून घोड्यासमोर धरला की तो बिचकतो, आणि वाऱ्यात पत्ते उडाले तर विचारूच नका. पत्ते जाड कापडी पिशवीत ठेवा. पिशवी धरणाऱ्याने आधी आवाज द्यावा, मग घोड्याच्या डाव्या खांद्याच्या बाजूने जवळ यावं, मागून कधीच नाही. पिशवी स्वाराच्या गुडघ्याजवळ धरायची. घोड्याच्या तोंडाजवळ नेली की खाऊ समजून तो आधी नाक खुपसणार. बाकीच्यांनी दोन घोड्यांचं अंतर राखून उभं राहावं. लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधा. पत्ता मिळाला म्हणून एकट्याने पुढे निघायचं नाही: एक घोडा दूर जाताना दिसला की मागचे नाचायला लागतात. अख्खी तुकडी एकदमच हलते.

पत्त्यांचा हिशेब आता. प्रत्येक थांब्यावर 52 पत्त्यांचा पूर्ण कॅट ठेवा, जोकर काढून, आणि सकाळी मोजूनच. स्वाराने पत्ता काढायचा, थांब्यावरच्या माणसाने तो स्वाराच्या तक्त्यावर ‘बदाम राणी’ असा लिहून सही करायची, पत्ता परत पिशवीत टाकून पिशवी हलवायची. तक्ता पुठ्ठ्याचा आणि पेन्सिलीने लिहिलेला. घामाने शाई पसरते. तो चेन असलेल्या खिशात ठेवावा, गळ्यात दोरीने लटकवू नये.

पाच थांब्यांवर पाच वेगळे कॅट असल्याने एकाच स्वाराला बदाम राणी दोनदा येऊ शकते. चालेल, जोडी धरा. पण त्यामुळे टेबलावरच्या पोकरचं गणित इथे बदलतं. एका कॅटमधून वाटलेल्या पाच पत्त्यांत निम्म्याहून किंचित जास्त वेळा काहीच जुळत नाही. इथे सुमारे 58 टक्के हातांत निदान एक जोडी असते. फुल हाऊस (एका किमतीचे तीन आणि दुसऱ्या किमतीचे दोन पत्ते) साधारण 238 हातांत एकदा येतो, म्हणजे स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) आणि फ्लश (पाचही बदाम किंवा पाचही इस्पिक असे) या दोन्हींपेक्षा जास्त वेळा. पाचही पत्ते एकाच किमतीचे, हा हातही शक्य आहे (28,561 मध्ये एक), आणि तो नेमका आला की वाद पेटतो. तो सर्वांत वरचा, हे निघण्याआधीच जाहीर करा. बाकीच्या हातांचा क्रम टेबलावरच्या पोकरचा नेहमीचाच ठेवा. गणिताप्रमाणे बदलायला गेलात तर मोजणीच्या वेळी कोणालाच तो आठवणार नाही.

बरोबरी झाली तर आधी जोडी मोठी कोणाची ते पाहायचं, मग उरलेल्यातला मोठा पत्ता. रंगाला किंमत नाही. इस्पिक बदामापेक्षा वरचं धरू नका. तरीही सुटत नसेल तर दोघांनी एक-एक पत्ता पुन्हा काढायचा, खाली उतरून, घोडे बांधल्यावर.

प्रवेश फी आणि रोख बक्षीस एकत्र आलं की अनेक ठिकाणी कायदा त्याला जुगार समजतो. तिथला नियम आधी विचारून घ्या, किंवा सरळ खरारा, लगाम अशी वस्तू द्या. आणि सगळ्यांत मागच्या स्वारालाच वाटेवरच्या खुणेच्या फिती काढत यायला सांगा.