समीकरणं सॉफ्टवेअरने सोडवताय? या चुका टाळा

उत्तर विचित्र आलं की लोक सॉफ्टवेअरला दोष देऊन मोकळे होतात. आधी आपण टाइप केलेली ओळ वाचा. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो, आणि सगळ्यांत जास्त घोळ दशांशांचा.

क्ष² − (२/३)क्ष + १/९ = ० हे समीकरण घ्या. हा पूर्ण वर्ग आहे, त्यामुळे १/३ हे एकच मूळ दोनदा येतं. घाईत २/३ च्या जागी ०.६७ आणि १/९ च्या जागी ०.११ लिहिलं की विवेचक (मुळं कशी असतील ते ठरवणारी संख्या) ०.००८९ होतो आणि ०.३८२ व ०.२८८ अशी दोन वेगळी मुळं मिळतात. ०.६७ ऐवजी ०.६६ लिहिलं तर विवेचक ऋण, म्हणजे वास्तव मूळच नाही! सॉफ्टवेअर तिन्ही वेळा बरोबर होतं. समीकरणंच तीन वेगळी होती.

घात वाढला की हे फारच महागात पडतं. ब्रिटिश गणितज्ञ जेम्स विल्किन्सन यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे: १ ते २० ही मुळं असलेली विसाव्या घाताची बहुपदी. तिच्यात क्ष¹⁹ चा सहगुणक −२१०. त्यातून फक्त ०.००००००१२ च्या आसपासची संख्या (नेमकी १/२²³) वजा केली, तर वीसपैकी दहा मुळं संमिश्र (वास्तव नसलेली) होतात आणि २० हे मूळ २०.८५ च्या जवळ सरकतं. ‘दोन दशांश स्थळं पुरे’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा स्वतः करून बघावंच.

सिम्पाय या पायथन भाषेतल्या गणिती लायब्ररीमध्ये जास्त जपायला हवं. नुसतं १/३ लिहिलं तर ते सिम्पायच्या हाती पडण्याआधीच पायथन त्याचा दशांश करून टाकतो. तिथे रॅशनल(१, ३) लिहा. मॅक्झिमा आणि मॅथेमॅटिका ही गणिती सॉफ्टवेअर अपूर्णांक तसाच ठेवतात. मी दशांश काढतो तो अगदी शेवटी, एकदाच.

दुसरी नेहमीची चूक बरोबरच्या चिन्हाची. मॅथेमॅटिकात समीकरणाला ==, मॅक्झिमात =. सिम्पायमध्ये क्ष² == ४ लिहिलं की तो फक्त दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या आहेत का ते बघतो, ‘फॉल्स’ म्हणतो, आणि समीकरण सोडवणारी ‘सॉल्व्ह’ ही आज्ञा रिकामी यादी परत देते. नवशिके त्यावरून ‘उकल नाही’ असं लिहून मोकळे! सगळं डावीकडे घेऊन क्ष² − ४ एवढंच द्या. उजवीकडे शून्य तो स्वतःच धरतो.

क्ष ला आधी किंमत दिली असेल तर ती पुसा: मॅथेमॅटिकात क्लिअर, मॅक्झिमात किल.

अ·क्ष = ब चं उत्तर ब/अ येतं, पण अ शून्य असेल तर काय, हे सॉल्व्ह सांगत नाही. मॅथेमॅटिकात रिड्यूस वापरा.

करणी असेल तर आधी हाताने वर्ग करायचा शॉर्टकट नको. √(क्ष+३) = क्ष−३ चा वर्ग करून दिलात तर १ आणि ६ मिळतील, पण १ खोटं आहे: डावीकडे २, उजवीकडे −२. मूळ समीकरणच द्या, आणि आलेलं प्रत्येक मूळ त्यात घालून तपासा.

क्ष³ − ३क्ष + १ = ० ची तिन्ही मुळं वास्तव आहेत, तरी तिसऱ्या घाताच्या समीकरणाच्या सूत्रातून येणाऱ्या उत्तरात संमिश्र संख्या दिसतात. दशांश काढल्यावर मागे चिकटलेला नगण्य काल्पनिक भाग गणनेतला गाळ असतो. तो काढून टाका, उरतात १.५३२, ०.३४७ आणि −१.८७९.