कुरळ्या केसांचं पोर, बोअरचं पाणी आणि सोलापुरी टॉवेल

सोलापुरी टॉवेल आणि सोलापुरी चादर, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे आणि दोन्ही लहान मुलांच्या कुरळ्या केसांच्या मुळावर उठलेल्या आहेत. टॉवेलच्या टाक्यांत केस अडकतो, चादर डोक्यावर ओढून झोपलं की रात्रभर घासतो. कुरळ्या केसाला घासणं सोसत नाही, हे लक्षात ठेवलं तर निम्मं काम होतं.

टाळूवरचं नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं, वळणावळणाच्या केसावरून ते शेंड्यापर्यंत पोचत नाही. म्हणून मुळाशी केस तेलकट आणि टोकाला काथ्यासारखा. त्यात आपल्याकडचा कोरडा उन्हाळा, पारा चाळिशीच्या वर. रोज शाम्पू लावला तर उरलंसुरलं तेलही जातं. आठवड्यातून एकदा, फार खेळणाऱ्या पोराला दोनदा न्हाऊ घालणं पुरे. नळाला पाणी काही दिवसांआड येत असेल तर पाण्याच्या दिवशीच न्हाणं ठेवा, कारण केस धुण्यापेक्षा कंडिशनर काढायला पाणी जास्त लागतं.

न्हाण्याच्या तासभर आधी खोबरेल तेल. दोन चमचे पुरतात, तेही टाळूवर थापण्यापेक्षा केसांच्या लांबीला आणि शेंड्यांना. खोबरेल केसाच्या आत मुरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. हिवाळ्यात सकाळी ते थिजलेलं असतं. वाटी गरम पाण्यात ठेवून पातळ करा, गॅसवर नको.

मग कोमट पाण्याने केस पूर्ण भिजवा. सुपारीएवढा शाम्पू पाण्यात कालवून फक्त टाळूवर, बोटांच्या पेरांनी लावायचा. नखं लावायची नाहीत, केस डोक्यावर गोळा करून चोळायचे नाहीत. गुंता इथेच तयार होतो. फेस खाली उतरताना लांबी आपोआप धुतली जाते. शिकेकाई लावायची असेल तर उकळून फडक्यातून गाळूनच. नुसती पूड कुरळ्यांत अडकून बसते आणि डोळ्यांत गेली तर पोर पुढच्या न्हाण्याला हाती लागत नाही.

आता कंडिशनर, लिंबाएवढा. शाम्पूवर पैसे वाचवा, इथे नको. केसांचे चार भाग करा, चिमटे लावा, एकेक भाग सोडवत जा. आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, आणि नेहमी शेंड्यापासून सुरुवात करून हळूहळू वर मुळाकडे सरकत. गाठीच्या वर केस मुठीत घट्ट धरला की ओढ टाळूपर्यंत जात नाही आणि रडारड होत नाही. कोरड्या केसांतून कंगवा घालायचाच नाही. त्याने वळण मोडतं, केस पिंजल्या कापसासारखा फुगतो आणि मग आपणच म्हणतो, ‘हिचे केस बसतच नाहीत.’

बादलीच्या कडेला पांढरा थर बसत असेल तर तुमच्या बोअरचं पाणी जड आहे. त्यातले क्षार केसांवरही बसतात, केस राठ आणि निस्तेज होतो. शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या किंवा उकळून, निवळून गार केलेल्या पाण्याचे ओता. उकळल्याने सगळे क्षार जात नाहीत, थोडे तळाशी बसतात; तेवढ्यानेही फरक पडतो.

टिपायला जुना सुती टी-शर्ट किंवा मऊ झालेलं धोतर. पुसायचं नाही, दाबून पाणी शोषून घ्यायचं. केस अजून ओलेच असताना जवसाचं जेल लावा. चटणीसाठी घरात असतो तोच जवस, पण न भाजलेला आणि न कुटलेला: 4 मोठे चमचे जवस, 2 कप पाणी. मध्यम आचेवर ढवळत राहा. सात-आठ मिनिटांत अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो आणि चमच्यावरून तार सुटते. तिथेच गॅस बंद आणि गरम असतानाच गाळा. गार झालं की ते फडक्यातून हलत नाही; बहुतेकांचं इथेच बिनसतं. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं, आंबूस वास आला की फेकायचं. चमचाभर जेल तळहातावर पसरून केस खालून वर मुठीत दाबायचे आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर केस कडक लागले तर तशाच मुठीने चुरगळले की मोकळे होतात.

शाळेच्या दोन वेण्या आणि रिबिनी चालतील, पण कपाळाजवळची कातडी ताणलेली दिसता कामा नये. रोजच्या ओढीने कानशिलाजवळचे केस विरळ होतात. रात्री सैल वेणी आणि उशीला सॅटिनचा अभ्रा; जुन्या रेशमी साडीचा तुकडाही चालतो.

कुरळे केस महिनोन्‌महिने विंचरलेच नाहीत तर तेल, धूळ आणि गळालेले केस मिळून जट होते. ती देवीची खूण नाही. भरपूर कंडिशनर लावून बोटांनी सोडवा, नाही सुटली तर कापा. काही होत नाही. जावळ काढल्यावर केस दाट किंवा सरळ येतात हीही समजूतच. केसाचा आकार कातडीखालच्या मुळात ठरतो, वस्तरा तिथवर पोचत नाही.

उवा झाल्या तर कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांतून बारीक फणी फिरवा, दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे. लिखांतून नवी पिल्लं निघत राहतात. टाळूवर गोल चट्टा पडून केस तुटत असतील, खवले दिसत असतील तर ते गजकर्ण असू शकतं. त्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं, डॉक्टरांना दाखवा.

केस कापायचे तर वाळलेले असतानाच, आणि कापणाऱ्याला तसं आधी सांगून. ओला कुरळा केस ताणला की लांब दिसतो. दोन बोटं कापला तर वाळल्यावर चार बोटं वर जातो.