संशोधकाने वन्यजीव संस्थेच्या नेतृत्वाची तयारी कशी करावी

वन्यजीव संवर्धन संस्थेचे नेतृत्व करू इच्छिणाऱ्या संशोधकाने सुरुवात कार्यालयातून नव्हे, तर क्षेत्रकार्यातून करावी. एखाद्या प्रजातीची संख्या, प्रजनन आणि मृत्यूची कारणे काही वर्षे सलग नोंदवल्याशिवाय, पुढे अपुऱ्या माहितीवर निर्णय घेताना लागणारी समज येत नाही. मॉरिशस केस्ट्रेल या छोट्या शिकारी पक्ष्याचे १९७४ मध्ये निसर्गात अवघे चार पक्षी ज्ञात होते. संवर्धन जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स यांनी घरट्यातील पहिली अंडी काढून ती कृत्रिमरीत्या उबवली, त्यामुळे मादीने पुन्हा अंडी घातली, आणि पूरक अन्न व कृत्रिम घरटी यांच्या जोडीने ही संख्या पुढे शेकड्यांत पोहोचली. पक्ष्याच्या सवयींचे बारकाईने केलेले निरीक्षण हाच त्या यशाचा पाया होता.

डॉक्टरेट आणि सांख्यिकी उपयोगी आहेतच. मात्र बहुतेक संशोधक अडखळतात ते पैशाच्या हिशेबात. विशिष्ट प्रकल्पासाठी मिळालेला निधी सहसा त्या प्रकल्पाबाहेरचे पगार किंवा भाडे यांकडे वळवता येत नाही, म्हणून अटींविना मिळणाऱ्या देणग्या आणि काही महिन्यांचा राखीव निधी यांची तजवीज आधीच करावी. ताळेबंद वाचणे एखाद्या छोट्या संस्थेच्या विश्वस्त मंडळावर काम करून शिकता येते, आणि माझ्या मते कोणत्याही व्यवस्थापन अभ्यासक्रमापेक्षा ते अधिक टिकते.

पदावर आल्यानंतर प्रत्येक प्रकल्पाचे यश कशावरून मोजायचे आणि तो केव्हा थांबवायचा, हे काम सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवावे. देणगीदारांना न रुचले तरी फसलेल्या प्रयोगांचे निष्कर्षही प्रसिद्ध करावेत.