ऑपरेशन झालेल्या माणसाला घरी आणल्यावर: चव, वास, दुखणं आणि टाके

मी ड्रेसिंगसाठी घरोघरी जाते, कोथरूड, वारजे, सिंहगड रोड, कधी पेठांत, आणि बहुतेक घरांत पट्टी सोडायच्या आधी तक्रार ऐकायला मिळते ती जेवणाची. काही केलं तरी चव नाही म्हणतात, आवडीचं केलं तर ताट बाजूला सारतात, हॉस्पिटलातून आल्यापासून फार नखरे सुरू झालेत. तर पहिलं हेच सांगते, हे नखरे नाहीत. भूल, अँटिबायोटिक, उपाशी राहणं, घशातली नळी, कापलेल्या नसा, या सगळ्याचा जिभेवर, नाकावर आणि दुखण्यावर खराखुरा परिणाम होतो. बरंचसं आपोआप जातं, काही गोष्टी घरी करता येतात, आणि काही बाबतीत वाट बघायचीच नसते, सरळ फोन लावायचा.

आधी चवीचं बघू. पदार्थ लाळेत विरघळला तरच जिभेला त्याची चव कळते. भूल देताना लाळ कमी व्हावी म्हणून बऱ्याचदा इंजेक्शन देतात, त्यात आधीचे कित्येक तास पोटात काही नाही, ऑक्सिजनचा मास्क, तोंडाने श्वास, मग तोंड पार कोरडं पडतं आणि कोरड्या तोंडाला बासुंदीसुद्धा बेचव. घशात नळी घातलेली असेल तर एकदोन दिवस घसाही खवखवतो. फ्लॅजिल म्हणजे मेट्रोनिडाझोल चालू असेल तर तोंडात कडवट, धातूसारखी चव येते, ती कोर्स संपला की जाते, त्यासाठी गोळी मधेच बंद करायची नाही (आणि ती चालू असताना दारू अजिबात नाही, हे सांगावं लागतं म्हणून सांगते).

जेवायच्या आधी पाच मिनिटं ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून चुळा भरायला लावा, पाणी गिळायचं नाही. जीभ हलक्या हाताने साफ करा. धातूची चव येत असेल तर स्टीलचा चमचा आणि वाटी काही दिवस बाजूला ठेवा, काचेची किंवा चिनी मातीची वाटी आणि लाकडी नाहीतर प्लास्टिकचा चमचा द्या, फरक पडतो. आणि गरमागरम वाढायचा आग्रह सोडा! गरम पदार्थाचा वास जास्त पसरतो, त्याने मळमळ वाढते, कोमट किंवा गार खाणं पोटात टिकतं. दहीभात, ताक, मऊ भात आणि मेतकूट तूप, गार केलेली मुगाची खिचडी. मी एका घरी गेले होते तिथे स्वयंपाकघर आणि पेशंटची खोली यांच्यात फक्त पडदा, सूनबाई हिंग मोहरी लसणाची फोडणी घालत होत्या आणि आत आजोबा तोंडावर उपरणं धरून बसलेले. फोडणीच्या वेळी दार लावा, खिडकी उघडा, पडदा असेल तर त्यांना तेवढा वेळ गॅलरीत बसवा. लिंबू, कोकमाचं सार, आमसूल याने लाळ सुटते, तोंडाला चव येते, फक्त तोंडाचं, घशाचं ऑपरेशन असेल किंवा ॲसिडिटी असेल तर आंबट नको. चव नाही म्हणून मीठ मात्र वाढवत जाऊ नका, बीपीवाल्यांचं आणि हार्टवाल्यांचं तर नाहीच.

काही ऑपरेशनांत गोष्ट वेगळी असते. कानाच्या पडद्याचं किंवा आतल्या हाडाचं ऑपरेशन झालं आणि जिभेची एकच बाजू बधिर किंवा बेचव झाली की लोक चक्रावतात, कानाचा जिभेशी काय संबंध? संबंध आहे. कॉर्डा टिम्पनी नावाची बारीक नस जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव घेऊन कानाच्या मधल्या पोकळीतून मेंदूकडे जाते, ऑपरेशनात ती ताणली जाते, कधी कापावीही लागते. बहुतेकांचं काही आठवड्यांत, महिन्यांत सुधारतं. टॉन्सिल काढले की जिभेच्या मागच्या भागाची चव बदलू शकते, आणि खालची अक्कलदाढ काढल्यावर जिभेची नस दुखावली तर जीभ बधिर राहते. बधिर जिभेने गरम चहा पिऊ नका, भाजलेलं कळतच नाही. इंजेक्शनचा असर उतरल्यावर दुसऱ्या दिवशीही जीभ बधिर असेल तर डेंटिस्टला त्याच दिवशी कळवा, पुढच्या व्हिजिटची वाट बघू नका.

आता वासाचं. आपण चव चव म्हणतो त्यातला मोठा भाग नाकाचा असतो, नाक चोंदलं की आमटी आणि सांबार सारखंच. नाकाचं हाड, सायनस किंवा नाकातून केलेलं पिट्युटरीचं (मेंदूखालच्या ग्रंथीचं) ऑपरेशन झालं की आत सूज, खपल्या, पॅकिंग, त्यामुळे वास वरपर्यंत पोचतच नाही, तो साधारण काही आठवड्यांत परत येतो. नाक धुवायला सांगितलं असेल तर मेडिकलमध्ये मिळणारं तयार पाकीट वापरा, पण पाणी उकळून गार केलेलंच घ्या. नळाचं नको आणि फिल्टरचंसुद्धा तसंच नको, पाण्यातला एक अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो, क्वचित होतं पण जीवघेणं असतं. डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं.

सूज उतरूनही वास येत नसेल तर डॉक्टरांना विचारून वासाचा व्यायाम सुरू करा. २००९ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग मांडला, गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. आपल्याकडे हे करणं फार सोपं आहे, लवंगा डब्यात आहेतच, लिंबाची साल, निलगिरीचं तेल मेडिकलमध्ये, गुलाबाचं अत्तर. एकेक वास दहापंधरा सेकंद हलकेच घ्यायचा आणि त्या वेळी तो वास कसा असायचा ते मनात आणायचं. पहिल्या आठवड्यात काही होत नाही म्हणून लोक सोडून देतात, सोडू नका, नाकातल्या वासाच्या पेशी नव्याने तयार होतात पण त्यांना वेळ लागतो.

स्वरयंत्र पूर्ण काढलेल्या माणसाचा प्रश्न आणखी वेगळा, तो गळ्याच्या छिद्रातून श्वास घेतो म्हणून नाकातून हवाच जात नाही. त्यांच्यासाठी एक युक्ती आहे: ओठ मिटून ठेवून, चारचौघांत जांभई दाबतो तसा आतल्या आत जबडा आणि जीभ खाली ओढायची, की तोंडात पोकळी होऊन नाकातून थोडी हवा आत खेचली जाते आणि वास येतो. स्पीच थेरपिस्ट शिकवतात, मागून घ्या.

आणि वास येत नाही तोपर्यंत घरात कोणीतरी गॅसची जबाबदारी घ्या. सिलिंडर असो की सोसायटीचा पाइपगॅस, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम वास मिसळलेला असतो, तोच या माणसाला येत नाही. एकटं राहणारं कोणी असेल तर गॅस अलार्म बसवून घ्या, सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ नंबर फोनमध्ये ठेवा. उरलेल्या भाजीवर आणि दुधावर तारीख टाकून ठेवा, आंबलंय की नाही हे त्यांना वासावरून कळणार नाही.

आता दुखणं, आणि इथे मला पुणेरी स्वाभिमानाशी रोज झगडावं लागतं. "मी सहन करतो, गोळ्यांची सवय नको." अहो, दुखतंय म्हणून तुम्ही खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठत नाही, मग छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात गुठळी होते. पहिले दोनतीन दिवस दुखणं सगळ्यात जास्त असतं, त्या काळात गोळी घड्याळ बघून द्यायची, असह्य व्हायची वाट बघायची नाही. पण आधी गोळ्यांच्या पट्ट्यांवरची नावं नीट वाचा. झीरोडॉल पी मध्ये पॅरासिटामॉल आहे, अल्ट्रासेटमध्ये आहे, डोलो ६५० तर पॅरासिटामॉलच, आणि लोक तिन्ही देतात. मोठ्या माणसाला चोवीस तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, लिव्हरचा त्रास असेल किंवा वजन कमी असेल तर त्याहूनही कमी, डॉक्टरांना विचारून. किडनीचा त्रास किंवा अल्सर असेल तर डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक मनाने नाही. ट्रॅमाडॉल चालू असेल तर बद्धकोष्ठ होणारच, पहिल्या दिवसापासून पाणी, पपई, आणि गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेलं औषध, नाहीतर टाक्यांवर जोर देऊन कुंथणं ही नवीन कटकट.

पोटाचं किंवा छातीचं ऑपरेशन असेल तर छोटी उशी टाक्यांवर दाबून धरा आणि मग खोका, हसा, उठा. रिक्षातसुद्धा उशी घेऊन बसा, आपल्याकडचे स्पीडब्रेकर माहीतच आहेत. श्वासाच्या व्यायामासाठी तीन बॉलवाला स्पायरोमीटर दिला असेल तर त्यात फुंकायचं नाहीये! अर्ध्या घरांत मी पेशंटला फुगा फुगवल्यासारखं फुंकताना बघते. आधी श्वास सोडायचा, मग नळी ओठांत धरून हळू आत ओढायचा, बॉल वर दोनतीन सेकंद ठेवायचा, जागेपणी तासातासाला दहा वेळा.

दुर्बिणीतून पित्ताशय काढलं आणि दुसऱ्या दिवशी खांदा दुखायला लागला की घर घाबरतं. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, तो छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला म्हणजे डायफ्रामला टोचतो आणि त्या पडद्याची आणि खांद्याची नस मानेत एकाच जागेवरून निघते म्हणून मेंदूला वाटतं खांदा दुखतोय. चाला, दोनतीन दिवसांत जातं. पण छातीवर दाब, घाम, धाप असेल तर गॅस म्हणून सोडून देऊ नका. पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल आणि बसलं की डोकं प्रचंड दुखतं, आडवं झालं की थांबतं, असं असेल तर भूलतज्ज्ञांना कळवा, त्यावर चांगला इलाज आहे. सिझेरियनच्या त्या इंजेक्शनने जन्मभर कंबर दुखते हा मात्र समज आहे, बाळाला उचलून, वाकून पाजून कंबर दुखते, त्याचं खापर सुईवर फुटतं.

टाक्यांच्या आसपास बधिरपणा, मुंग्या, मधेच करंट लागल्यासारखं, हेही नॉर्मल. कातडीतल्या बारीक नसा कापलेल्या असतात आणि नस वाढते दिवसाला साधारण एक मिलिमीटर, तेव्हा धीर धरा. नसांची एक गंमत पुण्यातलीच सांगते. टिपूच्या कैदेत नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक पुण्याजवळ एका वीटभट्टीवाल्या कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून नवीन बनवलं होतं, ते वर्णन १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आलं आणि तिकडचे सर्जन ते बघून शिकले. अशा ऑपरेशनमध्ये सुरुवातीला नव्या नाकाला हात लावला की पेशंटला कपाळाला हात लावल्यासारखं वाटतं, कारण नस अजून कपाळाचीच असते. तेव्हा पेशंट काहीतरी विचित्र सांगत असेल तर हसू नका. फक्त तीन महिने उलटूनही दुखणं, जळजळ तशीच असेल तर त्याचे वेगळे इलाज असतात, पेन क्लिनिकमध्ये दाखवा.

जखम भरायला सगळ्यात जास्त लागतं ते प्रोटीन आणि नेमकं तेच आपण बंद करतो. भात खाऊ नको पू होईल, डाळ नको, अंडं उष्ण, आंबट खाल्लं की टाके पिकतात. टाके पिकतात ते जंतूंनी, भाताने नाही. आंबटातलं क जीवनसत्त्व तर जखम सांधायला लागतंच, पूर्वी महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना ते मिळायचं नाही तेव्हा त्यांच्या जुन्या भरलेल्या जखमासुद्धा उघडायच्या. पेरू, आवळा, लिंबू द्या. साठ किलोच्या माणसाला या काळात दिवसाला ७० ते ९० ग्रॅम प्रोटीन लागतं (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून). एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, कपभर दुधात तितकंच, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, आणि आपल्या पातळ वरणात म्हणाल तर फार थोडं, वरण घट्ट करा. चतुर्थीचा उपास यावेळी राहू द्या, साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यातलं प्रोटीन ते फक्त दाण्याच्या कुटातलं, बाप्पा समजून घेतो.

शुगर सांभाळा, वाढलेल्या शुगरने जखम रेंगाळते. सिगारेट बंद, तंबाखू बंद, आणि मशेरीसुद्धा, आज्या मशेरीला तंबाखू मानतच नाहीत पण निकोटीन तेच आणि ते रक्तवाहिन्या आवळतं. जखमेवर हळद, तूप, राख काही नाही, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच. वरून सुकलं म्हणजे आतून जुळलं असं नसतं: तीन आठवड्यांनी जखमेची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम वीस टक्के असते, तीन महिन्यांनी ऐंशीच्या आसपास. म्हणून हर्नियावाल्याने दुसऱ्या आठवड्यात पाण्याची बादली उचलायची नाही.

आणि फोन कधी करायचा: ताप १००.४ च्या वर, तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, टाक्यांची लाली पसरतेय, पू किंवा घाण वास, लघवी अडली, एकाच पायाची पोटरी सुजून दुखतेय. टाक्यांत संसर्ग झाला तर तो बहुतेक पाचव्या ते दहाव्या दिवसांत दिसतो, म्हणजे घरी आल्यावर, तेव्हा रोज उजेडात बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कालच्याशी ताडून बघता येतो. अचानक धाप लागली तर फोनबिन नाही, सरळ १०८ किंवा जवळचं हॉस्पिटल. डिस्चार्ज कार्ड फाइलीत घालून कपाटात ठेवू नका, फ्रिजवर चिकटवा, रात्री नंबर शोधत बसायला लागत नाही.