तरला दलाल यांच्या पाककृती बिघडतात? या चुका टाळा

आईच्या वहीत एका पानावर 'खांडवी – तरलाबेन' असं लिहिलंय आणि खाली या सुरळीच्या वड्यांच्या जेमतेम चार ओळी. बेसन, दही, हळद, 'घट्ट होईपर्यंत ढवळणे'. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरी टीव्ही बाहेरच्या खोलीत आणि ओटा आत. त्यामुळे आई 'कुक इट अप विथ तरला दलाल' हा त्यांचा पाककृतींचा कार्यक्रम दारात उभी राहून बघायची, हातात पेन्सिल घेऊन. आत फोडणी करपायला लागली की पळायची. तेवढ्यात जे सांगून झालं, ते वहीत आलंच नाही.

६ नोव्हेंबर २०१३ ला तरला दलाल गेल्या, वयाच्या ७७ व्या वर्षी. बातमी ऐकून आईने त्याच संध्याकाळी खांडवी करायला घेतली. ती ताटाला अशी चिकटली की उलथन्याने खरवडावी लागली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खांडवीसाठी नव्हतं. तुमच्याही घरी अशी वही असेल, तर आम्ही केलेल्या चुका तुम्ही करू नका.

पहिली चूक म्हणजे 'घट्ट होईपर्यंत' यावर भरवसा ठेवणं. पडद्यावर जे मिनिटभरात घट्ट होतं, त्याला घरच्या गॅसवर बराच वेळ लागतो. मधलं ढवळणं कापलेलं असतं. एक वाटी बेसनाला एक वाटी आंबट दही आणि दोन वाट्या पाणी घ्या. गाठी मोडून मगच मंद आचेवर ठेवा आणि हात थांबवू नका. मिश्रण जड झालं की चमचाभर पालथ्या ताटावर पसरा आणि अर्धा मिनिट थांबा. कड सहज सुटून गुंडाळी झाली तर गॅस बंद. चिकटली तर बेसन अजून कच्चं आहे, पुन्हा ढवळा. फार वेळ ठेवलंत तर ते गोळा होतं आणि पसरतच नाही. म्हणून दोन-तीन ताटं आधीच पालथी मांडून ठेवा. गरम असतानाच पसरायचं असतं. आई त्या दिवशी ताट शोधत बसली होती.

ढोकळ्यावर लाल ठिपके पडले तर बेसनाला दोष देऊ नका. हळद जास्त झाली किंवा सोडा नीट मिसळला नाही की हळद लाल होते. इनो अगदी शेवटी, कुकरमधलं पाणी उकळल्यावरच घाला.

व्हाइट सॉसची गोष्ट वेगळी. परदेशी पदार्थ इथल्या बाजारात मिळणाऱ्या जिनसांत, तेही शाकाहारी, करून दाखवणं ही तरलाबेनची खरी देणगी. १९६६ मध्ये घरी स्वयंपाकाचे वर्ग सुरू करणारी ही बाई शंभरहून जास्त पुस्तकं लिहिते, २००७ मध्ये पद्मश्री मिळवते, आणि तरी तिचं बेक्ड व्हेजिटेबल ठाण्याच्या दोन खोल्यांत जमतं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मैदा लोण्यात परतताना रंग बदलू देऊ नका, फक्त कच्चा वास जाऊ द्या. भांडं खाली उतरवून गार दूध थोडं थोडं घाला, मग परत गॅसवर चढवा. एकदम ओतलं की गाठी झाल्याच म्हणून समजा.

पहिल्याच वेळी बदलही करू नका. दह्याऐवजी ताक, मैद्याऐवजी कणीक हे सगळं दुसऱ्या वेळी. आधी त्यांच्या हातची चव कळली पाहिजे.

आता सगळ्यात मोठी चूक, जी आम्हाला उशिरा सापडली. वहीत सगळीकडे 'वाटी' आहे, पण कोणती? बाजारातले मापाचे कप बहुतेक २४० मिलीचे. आईची वाटी स्टीलची, काठावर फुलांची नक्षी असलेली. गेल्या वर्षी ती मापून पाहिली, तर काठोकाठ पाणी १५० मिली भरलं. बेसन आम्ही वाटीने घेत होतो आणि दही-पाणी नव्या कपाने! मग खांडवी घट्ट कशी होणार?

तुमच्या घरची जुनी वाटी पाण्याने मापा आणि आकडा वहीच्या पहिल्या पानावर पेनाने लिहा, पेन्सिल पुसट होते. आईने आमच्या वहीत लिहिलाय, खाली तारखेसकट. ती वाटी आता वहीबरोबर त्याच डब्यात असते, भांड्यांच्या मांडणीत ठेवत नाही.