जुनी डिझेल पिकअप : डिझेल पंप खोलण्याआधी या चुका टाळा

सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, चढावर गाडी दम टाकते, चालता चालता मध्येच बंद पडते आणि दहा मिनिटांनी काही झालंच नाही अशी पुन्हा चालू होते. जुन्या डिझेल पिकअपची ही नेहमीची दुखणी. त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे डिझेल पंप (डिझेलला दाब देऊन पुढे पाठवणारा) खोलायचा नाहीतर नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) बदलायचे. पंप हा इंधनमार्गातला सर्वांत महागडा भाग. दोष मात्र बहुतेक वेळा टाकीपासून पंपापर्यंतच्या फुटकळ गोष्टींत सापडतो: चिरलेली रबरी नळी, तुंबलेली जाळी, पुन्हा वापरलेला तांब्याचा वॉशर. म्हणून तपासणी टाकीकडून सुरू करावी आणि पंपाशी सर्वांत शेवटी पोचावं.

पुढे लिहिलेलं सगळं यांत्रिक पंपाच्या, म्हणजे रोटरी (एकच फिरता भाग सगळ्या नोझलना डिझेल वाटतो) किंवा इनलाइन (दर सिलिंडरला वेगळा दट्ट्या) पंपाच्या गाड्यांसाठी आहे. कॉमन रेल गाडीत (जिथे सगळी नोझल एकाच उच्च दाबाच्या नळीला जोडलेली असतात) इंजिन चालू असताना किंवा सेल्फ मारताना नोझलचा पाइप ढिला करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि डिझेलची धार कातडीतून आत घुसते. जुन्या यांत्रिक पंपातही दाब कमी नसतो. नोझल १०० बारच्या पुढेच उघडतात. गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधा. धार कातडीत घुसलीच, तर दुखत नसलं तरी लगेच रुग्णालय गाठा.

धूर न बघता सेल्फ मारत राहणं

सेल्फ मारताना एकाने मागे उभं राहून सायलेन्सरकडे बघायचं. या एका गोष्टीने अर्धं निदान होतं.

अजिबात धूर नाही, म्हणजे सिलिंडरपर्यंत डिझेल पोचतच नाही. अशा वेळी हीटर प्लग (थंड इंजिनात सिलिंडर तापवणारे), कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर), टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आधी स्टॉप सोलेनॉइड (पंपावरची, डिझेल सोडणारी-तोडणारी विजेवरची झडप) बघा. चावी फिरवली की पंपाच्या डोक्यावर स्पष्ट 'टक' ऐकू यायला हवं. आवाज नसेल तर त्याच्या वायरवर १२ व्होल्ट येतात का ते टेस्ट लॅम्पने तपासा. वायर ढिली झालेली किंवा गंजलेली असणं अगदी सर्रास आहे. ज्या गाड्यांना बंद करायची ओढकेबल असते, तिथे केबल अर्धवट अडकून पंपाचा लिव्हर 'बंद' बाजूलाच राहिलेला असतो.

डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. मग हीटर प्लग, बॅटरीचा जोर आणि कॉम्प्रेशनकडे वळा. चांगल्या हीटर प्लगचा रोध साधारण एक ओहमच्या आसपास असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर प्लग जळालेला आहे. इंजिन पुरेशा वेगाने फिरत नसेल तर डिझेल कितीही चांगलं असलं तरी पेटणार नाही, म्हणून सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेजही मोजा. तो साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर आधी बॅटरी आणि तिच्या वायरी.

आणि हो, इथरचा स्प्रे एअर इंटेकमध्ये मारू नका. तापलेल्या हीटर प्लगवर तो वेळेआधीच पेटतो, आणि पिस्टन रिंग तुटायला एवढं पुरतं.

'कुठे गळत नाही' म्हणून समाधान मानणं

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो इथे. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढून डिझेल पंपाला देणारा छोटा पंप) भाग ओढीवर चालतो. ज्या गाडीत वेगळा फीड पंप नाही, तिथे थेट डिझेल पंपापर्यंत हीच ओढ असते. ओढीच्या बाजूला फट पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली एक थेंब दिसत नाही, नळी कोरडी ठणठणीत, आणि तरी गाडीने एअर धरलेली असते. रात्रभर उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल टाकीत परत उतरतं. सकाळी आधी नळी भरेपर्यंत सेल्फ मारत बसावं लागतं.

खात्री करायला खर्च नाही. एका रात्री गाडी उतारावर तोंड खाली करून लावा, म्हणजे टाकी पंपापेक्षा वर राहील. दुसऱ्या रात्री उलटी, तोंड चढाकडे. उताराच्या सकाळी पटकन चालू झाली आणि चढाच्या सकाळी रडली, तर डिझेल मागे उतरतंय हे नक्की. उतारावर लावलेली असताना फटीच्या जागी थोडा ओलावाही दिसतो, कारण त्या वेळी डिझेल बाहेरच्या दिशेने ढकललं जातं. टॉर्च घेऊन तेव्हाच बघा.

पुढची पायरी पारदर्शक नळीची. पंपात शिरणाऱ्या पाइपच्या जागी हातभर पारदर्शक नळी लावा आणि इंजिन चालवा. सुरुवातीला एखाददुसरा बुडबुडा चालतो. सोड्यासारखे सतत बुडबुडे येत असतील तर हवा शिरतेय. आता एकेक जोड मागे सरकत, फिल्टरच्या आधी, प्रायमरच्या (डिझेल भरायला हाताने दाबायचा छोटा पंप) आधी, टाकीजवळ, तीच नळी लावत जा. जिथे बुडबुडे थांबतात, त्याच्या पुढे पंपाकडच्या भागात फट आहे. तपासणी झाली की ही नळी काढून टाका. साधी प्लास्टिकची नळी डिझेलमध्ये काही दिवसांत कडक होऊन क्लिपखाली सुटते.

नळ्या तपासताना नुसत्या वरून पुसून बघू नका. क्लिपच्या शेजारी नळी दुमडा; चिरा तिथेच उघड्या पडतात. जुन्या नळीचं आतलं अस्तर सुटून झडपेसारखं आड येतं, हे तर बाहेरून कधीच दिसत नाही. नळी स्वस्त आहे, शंका आली की बदला.

कॅनची चाचणी न करता सुटे भाग बदलणं

पाच लिटरचा स्वच्छ कॅन, दोन नळ्या आणि गाळलेलं डिझेल. फिल्टरच्या पुढे पंपात जाणारी नळी काढून तिथे कॅनमधली नळी जोडायची, आणि पंपाची रिटर्नही (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी नळी) त्याच कॅनमध्ये सोडायची. इनलाइन पंपाला फीड पंप चिकटलेला असेल तर नळी फीड पंपाच्या तोंडाला लावा. कॅन पंखा आणि सायलेन्सरपासून दूर, हलणार नाही असा बांधा, आणि गाडी जागेवर उभी ठेवूनच चालवा.

आधी कॅन पंपापेक्षा उंच ठेवा. तक्रार गेली, तर दोष बहुधा टाकी ते फिल्टर या भागात आहे, पंपात नाही. मग रात्रभर कॅन पंपाच्या खाली ठेवून सकाळी चालू करा. नव्या नळ्या, घट्ट जोड आणि तरीही सकाळी हवा, तर ती पंपातूनच शिरतेय: शाफ्टच्या सीलमधून किंवा वरच्या झाकणाच्या पॅकिंगमधून. कमी गंधकाचं डिझेल आल्यावर जुने रबरी सील आकसून अशी गळती सुरू झाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. तिथे पूर्ण पंप नाही, फक्त सील किट लागतं.

रिटर्नकडे दुर्लक्ष

नोझलवरून नोझलवर जाणाऱ्या त्या बारीक, कापडी वेष्टनाच्या नळ्या कोणी बघत नाही. त्या सुकल्या की हवा त्यांतूनही शिरते आणि पंपातलं डिझेल रिटर्नच्या वाटेने टाकीत उतरतं. शेवटच्या नोझलच्या तोंडावर बंद टोपी असते, तीही तडकते. सगळ्या नळ्या एकदमच बदला, एखादी जुनी ठेवू नका.

रोटरी पंपावरचा आणखी एक सापळा बँजो बोल्टचा (पाइप पंपाला जोडणारा पोकळ बोल्ट). आत येणाऱ्या आणि रिटर्नच्या पाइपचे बोल्ट दिसायला जुळे, पण रिटर्नच्या बोल्टला बारीक छिद्र असतं, जे पंपातला दाब टिकवतं. त्याच्या डोक्यावर बहुधा 'आउट' असं कोरलेलं असतं. काम करताना दोघांची अदलाबदल झाली, की पंपाला डिझेल पुरत नाही. गाडी कशीबशी चालू होते, पण रेस घेत नाही. नुकतंच कोणी पंपाच्या पाइपवर काम केलं असेल आणि तेव्हापासूनच तक्रार असेल, तर पहिल्यांदा हेच बघा. बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घाला. अडीअडचणीला जुना वॉशर लालबुंद तापवून पाण्यात विझवला तर मऊ होऊन पुन्हा बसतो. टेफ्लॉन टेप मात्र डिझेलच्या जोडांना गुंडाळू नका; तिचे तुकडे थेट पंपात जातात.

टाकी आणि जाळी

गाडी वीस-पंचवीस मिनिटं चांगली पळते, मग दम टाकून बंद पडते, थोडं थांबलं की पुन्हा चालते. अशी लय दिसली की टाकीचं झाकण उघडून ऐका. आत हवा ओढली जाण्याचा 'फुस्स' आवाज आला आणि गाडी लगेच सुधारली, तर झाकणाचं हवाछिद्र बुजलेलं आहे. आवाज नाही, पण लय तीच, तर टाकीतल्या जाळीवर काळा बुळबुळीत थर असणार. टाकीत पाणी साठलं की पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढतात, त्यांचाच हा चिखल. ओढ असते तोवर तो जाळीला चिकटून राहतो. इंजिन थांबलं की सुटून खाली बसतो. टाकीकडे उलटी हवा मारली तर चार दिवस बरं वाटतं, बाकी काही नाही. टाकी उतरवून धुवावीच लागते.

पाणी तपासायला सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा भाग) तळातून काचेच्या बाटलीत पाव लिटर काढून पंधरा मिनिटं ठेवा. पाणी तळाशी वेगळं दिसतं. खालचा स्क्रू ढिला करूनही काही येत नसेल तर सेपरेटर रिकामा आहे असं समजू नका. ओढीच्या मार्गात वरून हवा मिळाल्याशिवाय थेंब पडत नाही. वरचा व्हेंट स्क्रू (हवेसाठीचा स्क्रू) उघडा किंवा प्रायमर दाबा.

फिल्टर बदलताना आणि एअर काढताना

नव्या फिल्टरच्या तक्रारीमागे बहुधा जुना रबरी रिंग असतो, जो फिल्टरच्या डोक्याला चिकटून राहिला आणि त्यावरच नवा बसला. बोटाने चाचपून खात्री करा. नव्या रिंगला डिझेल लावा आणि रबर टेकल्यावर हाताने अर्धा ते पाऊण फेरा. पान्याने आवळू नका. आधी डिझेल भरायचं असेल तर कडेच्या बारीक छिद्रांतून भरा, मधल्या मोठ्या छिद्रातून कधीच नाही. मधलं तोंड गाळून झालेल्या बाजूचं असतं.

एअर काढायचा क्रम टाकीकडून इंजिनाकडे. अल्टरनेटर फिल्टरखाली असेल तर आधी त्यावर प्लास्टिक झाका. फिल्टरचा व्हेंट स्क्रू एक फेरा उघडून प्रायमर दाबत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू बंद करा, सोडल्यावर नाही, नाहीतर हवा परत ओढली जाते. मग पंपाचा व्हेंट. प्रायमर हाताला कडक लागेपर्यंत सेल्फला हात लावू नका. तरीही चालू होत नसेल तर दोन नोझलच्या पाइपचे नट एकेक फेरा ढिले करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, १०-१५ सेकंद सेल्फ मारा आणि एक मिनिट स्टार्टरला विश्रांती द्या. नटाशी डिझेलचे झटके दिसले की आवळा. प्रायमर कितीही दाबला तरी कडकच होत नसेल, तर त्याचा व्हॉल्व्ह गेला आहे किंवा हवा अजून शिरतेच आहे.

नोझल आणि शेवटी पंप

इंजिन मिसिंग करत असेल तर आयडलिंगवर एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा ढिला करा, हातात जाड कापड आणि डोळ्यांवर चष्मा. इंजिनाचा आवाज बदलला नाही, तो सिलिंडर काम करत नाही. नट ढिला केल्यावर ठोकाच गेला, तर ते नोझल ठिबकतंय. चारही काढण्याची गरज नाही. नोझल बसवताना जुना वॉशर भोकात अडकलेला नाही ना, हे टॉर्च मारून बघा.

काळ्या धुरासाठी पंपाचा सीलबंद स्क्रू (डिझेलचं प्रमाण ठरवणारा) फिरवण्याआधी एअर फिल्टर काढून बघा. इंजिन ऑइलची पातळी वाढलेली असेल आणि डिपस्टिकला डिझेलचा वास येत असेल, तर गाडी चालवणं थांबवा: फीड पंपाचा डायफ्राम फाटला आहे किंवा पंपाचं शाफ्ट सील गेलं आहे. ऑइल पातळ होऊन बेअरिंग जातात, आणि पातळी फार वाढली तर इंजिन तेच पिऊन आवरेनासं पळू शकतं.

थंड असताना चालू होणारी पण गरम झाल्यावर न होणारी गाडी, बाकी सगळं ठीक असेल तर, रोटरी पंपाच्या आतली झीज दाखवते. गरम, पातळ डिझेल झिजलेल्या फटीतून निसटतं. इंजिन बंद ठेवून पंपावर ओलं कापड दहा मिनिटं ठेवा आणि मग सेल्फ मारा. चालू झाली तर निदान पक्कं. पाण्याची बादली ओतू नका, आणि चालत्या पंपावर तर मुळीच नाही. बॉडी आकसून आतला भाग जाम होतो. झीज आहे हे पक्कं झालं की मात्र पंप उतरवावाच लागतो. उतरवण्याआधी पंपाची फ्लँज (इंजिनाला टेकणारी कडा) आणि इंजिन या दोहोंवर एकाच रेषेत छिन्नीची खूण करा. ती खूण नसेल तर दुरुस्त होऊन आलेला पंपही टायमिंग लावेपर्यंत पांढरा धूरच देईल.