विंडलास फिरत नाही? मोटर खोलण्याआधी या चुका टाळा

पावसाळाभर ताडपत्रीखाली असलेली जुनी यॉट ऑक्टोबरात पाण्यात उतरते. नांगर टाकताना काही अडत नाही, साखळी स्वतःच्या वजनानं सुटते. घोळ होतो तो विंडलासनं, म्हणजे साखळी ओढणाऱ्या विजेच्या रहाटानं, नांगर उचलताना. बटण दाबलं की नुसतं 'टक्', आणि बोटीवरचं कुणीतरी लगेच निकाल देतं: मोटर गेली.

बहुतेक वेळा ती गेलेली नसते, आणि इथेच पहिली आणि सगळ्यात महागडी चूक होते, ती म्हणजे मोटर खोलणं. ॲल्युमिनियमच्या बॉडीत स्टेनलेसचे बोल्ट खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं बसलेले असतात. ते सरळ निघत नाहीत, मोडतात. मीही एकदा मोडले आहेत. नवे कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश, आणून बसवले, तरी मोटर ढिम्म. दोष निघाला बॅटरीच्या निगेटिव्हच्या लगमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीत, हिरव्या थराखाली.

दुसरी चूक मीटर लावताना होते. बटण न दाबता बॅटरीपासून येणाऱ्या वायरचा व्होल्टेज बघायचा, १२.६ दिसला की 'सप्लाय ठीक आहे' म्हणायचं. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतो. विंडलासला मात्र ८०-१०० ॲम्पिअर लागतात. म्हणून एकानं बटण दाबायचं आणि दुसऱ्यानं त्याच वेळी थेट मोटरच्या टर्मिनलवर बघायचं. साडेदहाच्या खाली आलं तर मोटरला दोष देऊ नका. मग बटण दाबलेलं असतानाच मीटरचे प्रोब एकेका जोडाच्या दोन्ही बाजूंना लावा: बॅटरीचा खांब आणि लग, ब्रेकरची दोन टोकं, सोलेनॉइडचे, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर मोटरचा जाड करंट जोडणाऱ्या स्विचचे, दोन जाड बोल्ट. चांगला जोड जवळपास शून्य दाखवतो. जिथे अर्धा व्होल्ट दिसेल, तिथे चोर सापडला. मोटर जाम असेल तर बटण दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. अडलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते.

केबलचा हिशेब लोक एकेरी करतात. बॅटरी मागे आणि विंडलास नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, म्हणजे १० मीटरच्या बोटीत जाऊन-येऊन १८ मीटर तांबं सहज होतं. १६ चौरस मिलिमीटरची केबल असेल तर १०० ॲम्पिअरला तिच्यातच सुमारे दोन व्होल्ट जातात. ३५ची टाकली तर एकाच्या आत. जुन्या केबलवर मोठी मोटर बसवून 'ही पण ओढत नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात.

'टक्' आवाज आहे की नाही, यावरून अर्धं निदान होतं. आवाजच नसेल तर कंट्रोलचा फ्यूज आणि पायाचं बटण बघा. उन्हानं त्याचं रबर तडकतं आणि आत पाणी शिरतं. तेच पाणी कधीकधी कुणी न दाबता विंडलास चालू करतं, म्हणून काम झालं की ब्रेकर बंद, आणि साखळीत हात घालण्याआधी तर नक्कीच बंद. नांगर खाली जातो पण वर येत नाही, अशी तक्रार असेल तर सोलेनॉइडच्या दोन बारीक कंट्रोल वायरी अदलाबदल करून बघा. दोष दुसऱ्या दिशेला गेला तर बटणाची बाजू बिघडली आहे, तिथेच राहिला तर सोलेनॉइड. 'टक्' येतो, टर्मिनलवर व्होल्टेजही पुरेसा आहे आणि तरी मोटर हलत नाही, असं असेल तरच कार्बनचा संशय घ्या. गॅरेजवाले गाडीच्या सेल्फला हातोडीच्या दांड्यानं हलकेच ठोकतात ना, तसं इथेही करून बघा. फिरली तर कार्बन अडकलेत. पण हा उपाय घरी परतण्यापुरताच.

मोटर घरघरते आणि जिप्सी, म्हणजे साखळी पकडणारं खाचांचं चाक, जागची हलत नाही? क्लच सैल आहे, किंवा शाफ्टची चावी, म्हणजे खाचेत बसणारी धातूची पट्टी, तुटली आहे. यात विजेचा काहीच संबंध नाही.

आता खरा छळ. मुंबई बंदराच्या चिखलात नांगर घट्ट रुततो, आणि लोक विंडलासनं अख्खी बोटच ओढतात. ८ मिलिमीटरची साखळी मीटरला साधारण १.४ किलो भरते. १० मीटर पाण्यात ती आणि १५ किलोचा नांगर मिळून ३० किलोच्या आतबाहेर. एवढं उचलायलाच हे यंत्र आहे, वाऱ्याविरुद्ध बोट ओढायला नाही. इंजिन चालू ठेवा, म्हणजे व्होल्टेजही टिकतो. बोट हळूहळू पुढे घ्या आणि ढिली साखळी तेवढी गोळा करा. ती उभी झाली की खुंट्याला बांधा आणि इंजिनानं नांगर उपटा. नांगरावर थांबलेल्या बोटीचा भारही स्नबरच्या दोरीवर, म्हणजे साखळीला अडकवून खुंट्याला बांधलेल्या दोरीवर, असू द्या, जिप्सीवर नको.

ब्रेकर वारंवार पडतो म्हणून मोठा बसवणं, किंवा त्याला वायरनं बगल देणं, म्हणजे केबललाच फ्यूज करणं. ती पेटते ती अंथरुणाखाली, जिथून ती नेलेली असते.

साखळी जिप्सीवर उड्या मारत असेल तर मोटरकडे बघूच नका. १० मिलिमीटरची साखळी डीआयएन या जर्मन मापात २८ मिलिमीटर पिचची (कडीची आतली लांबी) येते आणि आयएसओ मापात ३०ची. दुकानात दोन्ही सारख्याच दिसतात. जाताना जिप्सीवरचा छाप वाचून जा, नाहीतर जिप्सीच काढून सोबत न्या.